हॉल त्याचा, स्वयंपाकघर तिचं

चिरंजीव घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. नव्या मिक्सरच्या खोक्यात सगळ्यात वर जी पुस्तिका असते आणि जी लोक सगळ्यात आधी भिरकावून देतात, ती लिहायचं काम त्यांचं. ‘उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये’ हे वाक्य त्यांचं. ‘झाकण नीट बसल्याची खात्री करावी’ हेही त्यांचंच. इतक्या घरांत पोचलेला लेखक शोधून सापडला नसता, पण चिरंजीवांना त्याचं काडीचं सुख नव्हतं. हे आपलं पोटापाण्यापुरतं, असं ते म्हणत. खरं लिखाण ते घरी करीत. म्हणजे करायला बसत.

सूनबाई, म्हणजे चिरंजीवांची बायको, एका प्रवास कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहीत. कुणाची बॅग हरवली, कुणाला खिडकीतून समुद्राऐवजी भिंत दिसली, की सूनबाई लिहिणार, ‘आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.’ दिवसभर इतकी दिलगिरी खर्च व्हायची की घरी आल्यावर कुणाची माफी मागायला त्यांच्याकडे काही शिल्लकच उरत नसे. त्याही खरं लिखाण घरी करीत.

दोघांची ओळख कथालेखनाच्या शिबिरात झाली आणि वर्षभरात लग्न. आता आपल्याला हक्काचा वाचक मिळाला, या आनंदात चिरंजीव बोहल्यावर चढले. समोरचं माणूसही त्याच आनंदात उभं आहे, हे त्यांना नंतर कळलं.

तिसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर घेतलं. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि एक चिंचोळी खोली, जिला दोघं ‘लेखनाची खोली’ म्हणत. तिच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि एक दिवा होता. सकाळी चिरंजीव बसायचे, संध्याकाळी सूनबाई. आपण आता मोठे झालो, याची दोघांना मोठी जाणीव होती. नळाचा वायसर बदलता येऊ लागला होता, इमारतीच्या सभेत हात वर करून बोलता येऊ लागलं होतं, आणि पाहुण्यांना ‘बसा ना, एवढी काय घाई’ असं म्हणताना मनात ‘कधी जाणार’ असं म्हणता येऊ लागलं होतं. राहिलं होतं फक्त लेखक होणं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी घोटाळा केला. त्या रोज सकाळी गॅलरीत येऊन पक्ष्याच्या रिकाम्या पिंजऱ्यातल्या वाटीत पाणी घालायच्या. एवढंच. पण हे चिरंजीवांनी दाढी करताना पाहिलं आणि सूनबाईंनी कपडे वाळत घालताना. दोघांनी एकमेकांपासून लपवून कथा लिहिली आणि दोघांनी ती एकाच मासिकाला पाठवली. संपादकांनी दोन्ही परत केल्या. वर फोन करून म्हणाले, “अहो, तुम्ही एकाच घरात राहता ना? मग पिंजरा कुणाचा ते आधी घरात ठरवा की!”

त्या दिवशी घरात जे झालं ते शेजाऱ्यांनी भिंतीला कान लावून ऐकलं. ‘तू चोरलीस’, ‘मी आधी बघितली’, ‘तुला तिच्याबद्दल काय कळतंय’, ‘तुला तरी काय कळतंय’. अबोला झाला, उपवास झाले, आणि शेवटी, शेतावरून भांडणारे भाऊ दमल्यावर करतात तेच या दोघांनी केलं. वाटणी.

डाव्या हाताचे शेजारी चिरंजीवांचे, उजव्या हाताचे सूनबाईंचे. न्हावी त्यांचा, भाजीवाली यांची. आपापलं ऑफिस आपापलं. पिंजरेवाल्या बाई कुणीच घ्यायच्या नाहीत, त्यांच्यावरून रक्त सांडलेलं आहे. इमारतीचा वॉचमन दिवसपाळीला चिरंजीवांचा, रात्रपाळीला सूनबाईंचा, कारण रात्री तो गायचा आणि सूनबाईंनी त्यावर हट्टच धरला. नातेवाईक ज्याचे त्याचे. करार तोंडी होता, पण दोघं तो असा पाळत की लग्नाची वचनंही कुणी तशी पाळत नसेल. जिन्यात उजवीकडची म्हातारी चिरंजीवांना काही सांगू लागली की ते कानांवर हात ठेवून म्हणत, “आजी, मला नका सांगू. बायकोला सांगा.” म्हातारीला वाटायचं, किती सरळ मुलगा!

अशा या सुखी संसारात चिरंजीवांची आई राहायला आली.

फोनवर ‘चार दिवस येते’ म्हणाली होती. शनिवारी सकाळी दारात उभी राहिली तेव्हा तिच्याबरोबर एक मोठी बॅग होती, काखेत स्वतःची उशी होती, आणि खाली जिन्यात चादरीत बांधलेलं शिवणयंत्र होतं. हे यंत्र म्हणजे हातानं फिरवायचं, लोखंडी, धिप्पाड. त्याच्यावर आईनं गावभरच्या पोरांचे गणवेश शिवले आणि त्या कमाईवर चिरंजीवांना शिकवलं. रिक्षावाला ते पहिल्या मजल्यापर्यंत आणून, “साहेब, आता तुम्ही बघा,” म्हणून पसार झाला होता.

चार दिवसांसाठी कुणी शिवणयंत्र आणत नाही. आईला काहीतरी विचारायचं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घरात शेंबडं पोर नव्हतं, दोन लेखक होते. चिरंजीवांनी यंत्र वर आणलं, धापा टाकत हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्याकडे बघत मनाशी म्हणाले, ‘वा! काय प्रतिमा आहे!’

आईला काय विचारायचं होतं ते सांगून टाकतो, उगाच ताणण्यात अर्थ नाही. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. तिकडच्या घरात ती एकटीच. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि कुणी येईपर्यंत तशीच पडून राहिली. मोडलं काही नाही, पण मनातून खचली. आपण आता मुलाकडे राहावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण या बाईनं उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, नवऱ्याकडेसुद्धा. मागायची सवयच नव्हती. म्हणून ती आडून आडून विचारायची.

“ही छोटी खोली कोण वापरतं रे?” पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

“आम्ही दोघं. लिहायला,” चिरंजीव म्हणाले.

“दोघांना एकदम बसता येतं?”

“नाही ना. पाळीपाळीनं.”

“मग हॉलात एक टेबल टाकलं तर?”

“आई, हॉलमध्ये एकाग्रता होत नाही,” चिरंजीवांनी समजावलं. आई बरं म्हणाली. तिचं अंथरूण त्याच खोलीत, टेबलाखाली पाय सरकवून घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी सूनबाई भाजी चिरत होत्या आणि आई मसाल्याचे डबे पुसत होती. तेव्हा तिनं पडल्याचं सांगितलं. जमीन कशी गार होती, बाहेरच्या खोलीत रेडिओ कसा चालू राहिला, त्यावर आधी शेतीचं, मग बायकांचं, मग बातम्यांचं असं सगळं कसं येत राहिलं, आणि बातम्या सांगणाऱ्या माणसाला ‘अहो, मी इथं आहे’ असं तिनं कसं मोठ्यानं सांगून पाहिलं. शेवटी शेजारीण आमटीचा डाव परत द्यायला आली म्हणून सुटका झाली. सांगून झाल्यावर आई हसली. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांच्या अंगावर काटा आला होता. तो काटा खरा होता, याबद्दल शंका नको. पण काटा खाली बसायच्या आत त्यांच्या मनात आलं की ही बाई वाटणीत आपल्याकडे नाही.

संध्याकाळी दोघं ‘भाजी आणायला’ बाहेर पडली. घरात भाजी होती.

“तुझ्या आईनं आज मला असं काही सांगितलंय ना,” जिन्यातच सूनबाई म्हणाल्या.

“काय?”

“सांगते. पण मग ते माझं.”

“माझी आई आहे!”

“तुला कुठं सांगितलं तिनं? मला सांगितलं.”

“काय झालंय ते तरी सांगशील?”

“न्हाणीघरात पडल्या त्या. गेल्या महिन्यात. कितीतरी वेळ पडून होत्या.”

चिरंजीव खरोखर कठड्याला धरून उभे राहिले. ‘मला फोनवर का नाही बोलली’, ‘हाड मोडलं असतं तर’, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मुलगा म्हणून ते काही वाईट नव्हते. फक्त त्यांच्या आतला मुलगा जरा हळू चालायचा आणि लेखक भरभर.

“एकटी? आणि मग... घरात आवाज कसला होता?” त्यांनी विचारलं.

“रेडिओ.”

“रेडिओ! काय लागलं होतं?”

“ते नाही सांगणार. रेडिओ माझा.”

भाजीवालीपाशी उभं राहून दोघांनी बराच काथ्याकूट केला. चिरंजीवांनी रेडिओच्या बदल्यात डावीकडचे शेजारी देऊ केले, वर न्हावी देऊ केला. सूनबाई ढिम्म. शेवटी असं ठरलं की आई कुणा एकाची नाही. ती स्वयंपाकघरात जे बोलेल ते सूनबाईंचं, हॉलमध्ये जे बोलेल ते चिरंजीवांचं. चिंचोळ्या खोलीत ती झोपते, तिथं तिला कुणी बोलतं करायचं नाही. दोघांचं समाधान झालं. भाजीवालीला वाटलं, जोडपं भावावरून घासाघीस करतंय. तिनं एक जुडी वर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून घरात आईला असा भाव आला की विचारू नका. “आई, हॉलमध्ये बस ना, इथं वारा किती छान येतो,” म्हणून चिरंजीव तिची खुर्ची खिडकीशी ओढायचे. ती टेकते न टेकते तोच आतून हाक यायची, “आई, जरा मीठ बघता का? तुमच्यासारखं जमत नाही मला.” आई उठून आत जायची. लगेच हॉलमधून, “आई, ये गं, बाबांची तुझी पहिली भेट कशी झाली होती?” बाहेर यायची. “आई, दूध उतू जातंय!” पुन्हा आत. बिचारीच्या गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो, पण तिला आभाळ ठेंगणं झालं. मुलगा ऑफिसातून लवकर घरी येतो, सून सुट्टी काढते, आणि दोघं आपल्याला क्षणभर सोडत नाहीत!

तिचा चेहरा बदलला. तिनं यंत्रावरची चादर काढली, तेल घातलं आणि घरातले पडदे आखूड करून शिवून दिले. खुर्चीला गादी शिवली. टेबलाला कापडाचं आच्छादन शिवलं, त्याला पेनं ठेवायला दोन खिसे केले, एक त्याचा आणि एक तिचा. दुपारी बहिणीला फोन करून म्हणाली, “अगं, मी उगाच घाबरत होते. इतका जीव लावतात दोघं, मला वेगळं काही विचारायची पाळीच येणार नाही बघ.” हा फोन ती हॉलमध्ये बसून करत होती. चिरंजीवांनी पेपराआड मोबाइलमध्ये टिपून घेतलं, ‘विचारायची पाळीच येणार नाही’. छान होतं. काय विचारायची, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पण पाळी आली, कारण चाराचे आठ दिवस झाले तरी ‘आता इथंच राहा’ असं कुणी म्हणेना. रविवारी सकाळी आईनं हिय्या केला. चिरंजीव हॉलमध्ये नखं कापत होते, सूनबाई ओट्याशी चहा गाळत होत्या. दोघांना एकदम ऐकू जावं म्हणून आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, एक हात चौकटीला लावून.

“मी काय म्हणते,” आई म्हणाली. “मला तिकडं आता एकटीनं राहायला भीती वाटते. रात्री कडी लावली तर वाटतं, पडले बिडले तर कुणाला आत येता येणार नाही. नाही लावली तर वाटतं, कुणालाही आत येता येईल. उठून लावते, उठून काढते, त्यातच उजाडतं. मला इथं ठेवून घ्याल का?”

एवढं बोलून तिनं खाली पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

चहा गाळणीत तसाच राहिला. मग चिरंजीव नेलकटर ठेवून उठले, दारापर्यंत आले आणि वाकून म्हणाले, “आई, तू आत्ता कुठं उभी आहेस?”

“म्हणजे?”

“स्वयंपाकघरात आहेत त्या,” आतून सूनबाई म्हणाल्या.

“मुळीच नाही. पाय बघ. दोन्ही पाय हॉलच्या फरशीवर आहेत.”

“तोंड इकडे होतं!”

“‘कडी’ म्हणताना माझ्याकडे वळली होती. मी स्वतः बघितलंय.”

“तुझी नखांत मान होती!”

“हे बघ, रेडिओ मी सोडला. कडीसुद्धा तुलाच? काही मर्यादा आहे की नाही?”

आई आधी आपल्या पायांकडे बघत होती, मग मुलाकडे, मग सुनेकडे. तिला वाटलं, आपल्यावरून भांडताहेत. आपण राहावं न राहावं यावरून. म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, “अरे, भांडू नका. कुणाला अडचण असेल तर...”

“तुझ्यावरून नाही गं भांडत,” चिरंजीव म्हणाले, आणि मग, आता कळलंच आहे तर म्हणून, त्यांनी तिला सगळी व्यवस्था समजावून सांगितली. हॉल, स्वयंपाकघर, न्हावी, वॉचमन. थोडे शरमले, पण थोडी ऐटही होती. कुणाच्या आईवर अशी दोन-दोन माणसं लिहितात? “तू पुस्तकात येशील, आई,” ते म्हणाले. सूनबाईही पदार्थ चाखायला द्यावा तशा पुढे होऊन म्हणाल्या, “तुमचा रेडिओ फार सुंदर झालाय. वाचून दाखवते.”

आई ऐकत होती. वारा छान येतो म्हणून ओढलेली खुर्ची, मीठ, उतू जाणारं दूध, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जात असावं, कारण ती मध्येच एकदा “हं, म्हणून होय,” असं म्हणाली. तिनं चौकटीवरचा हात काढला.

“आणि मी विचारलं त्याचं काय?”

चिरंजीवांनी डोळे मिटले. ‘कडी लावली तर पडले बिडले तर कुणाला आत येता येणार नाही, नाही लावली तर कुणालाही आत येता येईल, उठून लावते, उठून काढते, त्यातच उजाडतं.’ अक्षर न् अक्षर पाठ होतं. त्यापुढे मात्र काही नव्हतं. त्यापुढे पायांचा वाद सुरू झाला होता.

“काय विचारलंस?” त्यांनी डोळे उघडून म्हटलं.

आईनं सुनेकडे पाहिलं. सूनबाई मोबाइल शोधत होत्या.

“काही नाही,” आई म्हणाली. “चहा गार होतोय, घेताय ना, एवढंच.”

दोन दिवसांनी ती गेली. दोघंही तिला पोचवायला स्टँडवर गेली होती, “राहायचं होतं अजून चार दिवस,” असं आळीपाळीनं म्हणत होती. चिरंजीवांना सारखं वाटत होतं की काहीतरी राहून गेलंय, पुस्तिका छापायला गेल्यावर वाटतं तसं. पण ती लाखभर छापून झाल्यावर करतात तेच त्यांनी केलं. विचार सोडून दिला. आठवड्याभरात कळलं की मावशी, आईची बहीण, आईकडे राहायला आली आहे. चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला. प्रश्न सुटला, असं ते सूनबाईंना म्हणाले. कोणता प्रश्न, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

कडी शेवटी चिरंजीवांना मिळाली. सूनबाईंनी रेडिओ ठेवला आणि वर डावीकडचे शेजारी घेतले. दोन्ही कथा छापून आल्या, वेगवेगळ्या मासिकांत. चिरंजीवांच्या कथेची फारच वाहवा झाली. एकटी आई, दाराची कडी, आणि शेवटी ती मुलाच्या घरी येऊन एक प्रश्न विचारते. हा प्रश्न आपल्याला लिहिता लिहिता सुचला, अशी चिरंजीवांची प्रामाणिक समजूत होती. संपादकांनी स्वतः फोन करून सांगितलं, “शेवट वाचून गलबलून आलं हो. आईला इतकं समजून घेणारा मुलगा हल्ली वाचायला मिळत नाही.”

चिरंजीवांनी लगेच आईला फोन लावला. अंक तिच्यापर्यंत पोचायचा होता.

“तूच वाचून दाखव,” आई म्हणाली. “पुरती नको. मशीनवर काम पडलंय. शेवट तेवढा वाच.”

चिरंजीव हॉलमध्ये उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचू लागले. म्हातारी दारात उभी राहते. कडीचं सांगते. मग खाली बघत विचारते, ‘मला इथं ठेवून घ्याल का?’

तिकडे यंत्राचा आवाज थांबला.

“मग?” आई म्हणाली. “मुलगा काय म्हणतो?”

“मुलगा म्हणतो,” चिरंजीवांनी आवाज जरा खाली आणला, हे वाक्य त्यांचं सगळ्यात लाडकं होतं, “‘आई, हे काय विचारायचं असतं?’”

यंत्र काही पुन्हा सुरू झालं नाही. आईला रडू आलं असणार, असं चिरंजीवांना वाटलं आणि त्यांना फार बरं वाटलं. सूनबाईंना खूण करून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला, त्यांनीही ऐकावं म्हणून.

“बरोबर आहे,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. “एवढंच तर म्हणायचं होतंस, बाळा.”